सड्यावरची डबकी ते पुळणीमागचे तळे : ऑस्ट्रॅकॉड प्रकल्पाच्या नोंदी

३ जून, मालवण

नोंदवही पावसाआधी सुरू करायची आणि अशी लिहायची की पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांना ती वाचून काम पुढे नेता यावे, असे मॅडमनी बजावले आहे. म्हणून आधी काम काय आहे ते लिहिते.

ऑस्ट्रॅकॉड हा खेकडा-कोळंबीच्या गोतावळ्यातला जीव, पण दोन शिंपल्यांच्या आत मिटून बसणारा. गोड्या पाण्यातले बहुतेक अर्धा ते दोन मिलिमीटर. पांढऱ्या बशीत तळ्याचे पाणी ओतले की तिळासारखे ठिपके तुरुतुरु पळताना दिसतात, ते हेच. प्रौढ होईपर्यंत हा आठ वेळा कात टाकतो आणि दर वेळी नवे कवच पाण्यातले कॅल्शियम घेऊन घडवतो, तेही काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत. जुन्या कवचातला साठा वापरत नाही. त्यामुळे त्या थोड्या दिवसांत पाणी कसे होते, याची खूण कवचाच्या कॅल्साइटमध्ये, म्हणजे चुन्याच्या स्फटिकांत, अडकून राहते. जीव मेला की शिंपले गाळात जातात, त्यावर पुढचा गाळ बसतो. गाळाचा उभा नमुना काढायचा, थराथरातली कवचे वेचायची, जाती ओळखायच्या, रसायन मोजायचे आणि त्यावरून जुना पाऊस-पाण्याचा इतिहास लावायचा. ऐकायला सरळ वाटते.

मात्र ही पद्धत वाढली ती चुन्याच्या, थंड प्रदेशांतल्या तळ्यांवर. बव्हेरियातल्या आमरझे तळ्याच्या खोल पाण्यातल्या कवचांवरून ८,२०० वर्षांपूर्वीचा थंडीचा झटका दाखवला गेला, तो शोधनिबंध १९९८ चा. पुढच्याच वर्षी त्याच तळ्यातून सुमारे १५,५०० ते ५,००० वर्षांपूर्वीचा सलग आलेख आला. तिथे चुना भरपूर आणि तळाचे पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाचे. आमच्याकडे चुना नसलेला जांभा, आणि चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस. तीच पद्धत उचलून इथे लावली तर काय होते, हे या वर्षी बघायचे आहे.

११ जून

मृग लागला. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, कातळात खळगे असतात, त्यांतले काही भरले. मे महिन्यात याच खळग्यांच्या तळातली वाळकी माती पिशव्यांत भरून ठेवली होती; त्यातली थोडी आज प्रयोगशाळेत बाटलीबंद पाण्यात भिजवली. उरलेली तशीच ठेवली आहे. सड्यावरच्या ऑस्ट्रॅकॉडची अंडी वाळूनही मरत नाहीत. आठ महिने तापलेल्या कातळावर पडून राहतात आणि पाणी लागले की उघडतात. कित्येक जातींत नर सापडतच नाहीत, माद्या एकट्याच प्रजा वाढवतात. डबके महिनाभरात आटण्याची भीती असेल तर जोडीदार शोधत बसणे परवडणारे नाही.

पाण्याचा पीएच ५.८. कंडक्टिव्हिटी इतकी कमी की मीटर बिघडला म्हणून सोबतचा मुलगा तो झटकत होता. मीटर ठीक आहे. पाणीच पावसाचे आहे, त्यात क्षार म्हणावे असे काही नाही.

१९ जून

बाटलीत हालचाल दिसली. सड्यावरच्या डबक्यातही दिसली. पहिल्या बशीत जे आले ते सगळे ऑस्ट्रॅकॉड नव्हते, हे नव्या मुलांसाठी सविस्तर लिहून ठेवते. क्लॅम श्रिंप हाही दोन शिंपल्यांतला कवचधारी, आणि पहिल्या नजरेला सारखाच वाटतो. फरक असा: क्लॅम श्रिंपच्या कवचावर वाढीच्या रेषा असतात, कारण तो कात टाकताना बाहेरचे कवच सोडत नाही. ऑस्ट्रॅकॉड पूर्ण कवच टाकून देतो, म्हणून रेषा नसतात. लहान शिंपल्याशी गल्लत झाली तरी हाच नियम लावायचा, शिवाय आतल्या बाजूला स्नायूंच्या खुणांचा पुंजका बघायचा.

क्लॅम श्रिंपांतली सायक्लेस्थेरिया हिस्लोपी ही जात १८५९ साली नागपूरच्या नमुन्यांवरून वर्णिली गेली. नाव स्टीफन हिस्लॉप यांचे, म्हणजे ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे ते. ऑस्ट्रॅकॉडचे नाते तर आणखी जुने. सिप्रिस सबग्लोबोसा हे नाव सॉवर्बी यांनी १८४० साली दिले ते दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये अडकलेल्या तळ्यांच्या गाळातल्या जीवाश्मांना. तेव्हापासून आजच्या भातखाचरातल्या गोलसर ऑस्ट्रॅकॉडलाही तेच नाव चिकटले आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि आजचा जीव एकच जात असेल हे मला पटत नाही, पण यादीत तूर्त तेच नाव लिहिले आहे, शेजारी प्रश्नचिन्ह टाकून.

भाताच्या तरव्यात स्टेनोसिप्रिस हा ऑस्ट्रॅकॉड भरपूर. लांबट, हिरवट, चपळ.

६ जुलै

आज पाऊस इतका की सड्यावर जाता आले नाही. बसून हिशेब केला. तो नीट मांडते, कारण सगळ्या प्रकल्पाची दिशा त्यावर ठरते.

कवचातल्या ऑक्सिजनच्या दोन समस्थानिकांचे, म्हणजे जड १८ आणि हलका १६ यांचे, प्रमाण दोन गोष्टींवर ठरते: पाण्यात ते प्रमाण किती होते आणि कवच घडताना तापमान किती होते. तापमान १ अंशाने वाढले की कवचातले मूल्य सुमारे ०.२३ प्रति हजार घटते. म्हणजे ४ अंशांना जेमतेम १. शिवाय प्रत्येक जात आपली खोड वेगळी ठेवते. रसायनाच्या नियमाने जेवढे यावे त्याहून काही जाती १ ने, काही २ ने जास्त दाखवतात. खोड पक्की असते, त्यामुळे एकाच जातीची कवचे मोजली तर ती वजा करता येते. चार जाती एकत्र कुटून मोजल्या तर काहीच करता येत नाही.

आता कोकणाचे बघा. पुळणीमागच्या, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूमागच्या, ज्या तळ्यावर आमचा डोळा आहे तिथे मॅडमच्या जुन्या नोंदींप्रमाणे पाण्याचे तापमान वर्षभरात २६ ते ३१ च्या मध्ये. सगळा फरक ५ अंश, म्हणजे कवचात १.२ च्या आत. उलट बाष्पीभवनात हलका ऑक्सिजन-१६ आधी उडून जातो आणि मागे राहिलेले पाणी जड होत जाते. उघड्या उथळ पाण्यात मार्च ते मे एवढ्यात हा फरक कितीतरी पटींनी मोठा होतो. तेव्हा कोकणातले कवच हे तापमापक म्हणून वाचायला जाणे फुकट आहे. ते पर्जन्य आणि बाष्पीभवन यांच्यातली ओढाताण दाखवते. प्रस्तावात 'भूतकाळातील तापमान' असा शब्दप्रयोग आहे, तो काढून टाकावा असे मॅडमना सांगितले. त्या म्हणाल्या, निधी त्याच शब्दावर मिळालाय. अहवालात मात्र खरे तेच लिहू.

युरोपात डेव्हिड हॉर्न यांनी २००७ मध्ये मांडलेली पद्धत वेगळी: गाळात ज्या जाती एकत्र सापडतात त्या आज कोणकोणत्या तापमानात राहतात ते बघायचे आणि सगळ्यांना चालेल असा समाईक टप्पा काढायचा. त्यासाठी आजच्या जातींच्या वस्तीचा दाट नकाशा हाताशी लागतो. तिकडचे आकडे आमच्या स्टेनोसिप्रिसला लावणे म्हणजे पुण्याच्या पंचांगावर मालवणची भरती बघणे.

जोराच्या पावसात ऑक्सिजन-१८ कमी येतो असे पुस्तकात असते. किनाऱ्यावरच्या एकेका सरीला तो नियम लावायचा नाही. ढग समुद्रावर किती वेळ पाऊस पाडत आला यावर इथे बरेच ठरते. महिन्याचे, हंगामाचे पाणी एकत्र धरायचे. त्यासाठी गच्चीवर पर्जन्यमापकाशेजारी तेल घातलेला कॅन ठेवला आहे, पाणी उडू नये म्हणून. महिनाअखेरीस तेलाखालचे पाणी बाटलीत गच्च भरायचे, वर हवा ठेवायची नाही.

२ ऑगस्ट

नोंदींपुरते: डबकी तुडुंब, जाती त्याच, पीएच ६ च्या आसपास. जळवा जास्त.

२३ ऑगस्ट

मोठा मुद्दा. सड्यावरच्या डबक्यांत हजारो जिवंत ऑस्ट्रॅकॉड आहेत, पण तळाच्या गाळात रिकामे कवच जवळजवळ नाही. वरचा एक सेंटिमीटर गाळ धुतला तर मऊ पडलेले, कागदासारखे पारदर्शक तुकडे मिळतात, सुईने उचलताच विरतात. जिवंतपणी कवचावर सेंद्रिय आवरण असते, त्यामुळे आम्ल पाण्यातही ते टिकते. मेल्यावर आवरण सडते. कुजणाऱ्या पानांतून कार्बन डायऑक्साइड सुटतो, तळाचे पाणी आणखी आम्ल होते आणि कॅल्साइट विरघळते.

खात्री करायला प्लँक्टनच्या जाळीच्या कापडाच्या पुड्या शिवल्या, प्रत्येकीत किनाऱ्यालगतच्या विहिरीतून आणलेली चांगली, जाड कवचे घातली. काही पुड्या सड्यावर, काही त्याच विहिरीत, काही पुळणीमागच्या तळ्यात दोऱ्याने सोडल्या. बघू.

१४ सप्टेंबर

पुड्या वर काढल्या. सड्यावरच्या पुड्यांत पांढरट चुरा, दोनमध्ये तोही नाही. विहिरीतली कवचे जशीच्या तशी. तळ्यातल्यांची चकाकी गेली आहे, पण स्नायूंच्या खुणा वाचता येतात.

याचा अर्थ असा की जांभ्यावरच्या तळ्याच्या गाळात ऑस्ट्रॅकॉड मिळाले नाहीत, यावरून तिथे ते नव्हते असे म्हणता येत नाही. एका विद्यार्थ्याच्या जुन्या प्रबंधात 'कवचे नाहीत, म्हणून तळे कोरडे' असा निष्कर्ष वाचला होता. तो मी तरी धरणार नाही.

जांभ्याच्या तळ्यांसाठी दुसरा उपाय आहे: क्लॅडोसेरा, म्हणजे डॅफ्निया-बॉस्मिना मंडळी. यांचे आवरण कायटिनचे, म्हणजे किड्यांच्या कवचासारखे, आम्ल पाण्यात टिकते. गाळ १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करायचा, गाळायचा आणि ढाल-डोकी-पंजे मोजायचे. उघड्या पाण्यातल्या जाती वाढल्या तर तळे खोल, काठच्या वनस्पतींत राहणाऱ्या जाती वाढल्या तर उथळ. त्यात ऑक्सिजनची गोष्ट मिळत नाही, पण पाण्याची उंची मिळते.

धामापूरच्या तलावाचा विषय इथे निघाला. सुंदर तलाव, १५३० सालचा, नागेश देसाई यांनी बांधलेला. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता दिली. पण बंधारा घालून केलेल्या तलावात गाळ फार तर पाचशे वर्षांचा, आणि अशा ठिकाणी पाइप ठोकायचा विचारही करू नये. ते नाव यादीतून कमी केले.

१० ऑक्टोबर

ऑक्टोबरचा उन्हाचा चटका. सड्यावरची डबकी झपाट्याने आटताहेत, दुपारी पाणी कोमट नाही, गरमच. दर तिसऱ्या दिवशी पाणी आणि जिवंत प्रौढ गोळा करतोय. काम कंटाळवाणे आहे, पण पुढचा सगळा अर्थ यावरच लावायचा: एकाच डबक्यात, एकाच जातीत, जूनचे कवच आणि ऑक्टोबरचे कवच किती वेगळे. आटत्या डबक्याचा पूर्ण प्रवास हातात आला तर गाळातल्या आकड्यांना काहीतरी मापाची पट्टी मिळेल.

२१ नोव्हेंबर

गाळ काढला.

जागा: पुळणीमागे, माडांच्या पलीकडे, सखल भागातले गोड्या पाण्याचे तळे. पश्चिमेला शिंपल्यांचा चुरा मिसळलेली वाळू, पूर्वेला खाजण, म्हणजे खाडीकाठची खारवट सखल जमीन, आणि खारे पाणी अडवणारा त्याचा बांध. वाळूतल्या शिंपल्यांमुळे पाण्यात चुना आहे, म्हणून कवचे टिकतात. याच कारणाने किनाऱ्यावर ठिकठिकाणी वाळू-शिंपले चिकटून करल नावाचा खडक तयार झालेला दिसतो.

दोन होड्या बाजूबाजूला बांधल्या, मध्ये फळी, फळीत भोक. पीव्हीसी पाइप सरळ धरून खाली रेटला, मग लाकडी ठोकळा ठेवून घणाने ठोकला. वरचे तोंड पाण्याने भरून बूच घट्ट लावले की वर ओढताना खालून गाळ सुटत नाही. पाइप वर यायला तयार नव्हता; होडीवाल्या काकांनी माडाच्या खोडाला दोर बांधून कप्पी लावली तेव्हा आला. १४० सेंटिमीटर. तळाशी जांभ्याची खडी लागली, म्हणजे तळ्याचा तळ गाठला.

काठावर बरीच माणसे जमली. एका आजोबांनी शांतपणे सांगितले, "माती न्हेतास ती न्हेवा, पण तळ्याक भोक पाडू नकात." भोक आपोआप बुजते हे त्यांना पटवायला वेळ लागला. मग त्यांनी विचारले, चिखल बघून पाऊस कसा कळतो? मी सांगितले. "मगे पंचांगवाल्यांचो धंदो बसलो म्हणा."

जाता जाता त्यांनी एक माहिती दिली, ती त्यांच्याच शब्दांत लिहून घेतली: "माज्या आज्याच्या वेळार बांध फुटलो हुतो. खारां पाणी हयसर इलां. तीन वर्सां भात नाय."

९ डिसेंबर

पाइप उभा चिरला. वरचे ३८ सेंटिमीटर काळा, पानांचा गाळ. त्याखाली १४ सेंटिमीटर वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे मिसळलेला थर. मग हिरवट-करडी चिकणमाती, खाली खडी. वरून तिसऱ्या-चौथ्या सेंटिमीटरला वाळूची एक बारीक रेघ आहे. सगळ्यांच्या तोंडी लगेच '२०२१ चे तौक्ते' आले. असेलही. वय मोजल्याशिवाय त्या रेघेला वादळाचे नाव द्यायचे नाही, असे ठरले.

१७ डिसेंबर

धुणे-वेचणे. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरायचे नाही, ते आम्लधर्मी असते आणि पातळ कवचे खाते. नमुना गोठवून, वितळवून, मग सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या सौम्य द्रावणात रात्रभर. चाळण्या २५०, १२५ आणि ६३ मायक्रॉन. नळाची धार मंद. ४० अंशांवर वाळवायचे. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली तीन शून्यांचा ब्रश पाण्यात बुडवून एकेक कवच उचलायचे. पंखा बंद. एका शिंकेत दुपारचे काम उडते.

रसायनासाठी ठेवायची कवचे मिथेनॉलने पुसून, शुद्ध पाण्यात धुऊन, वेगळ्या खणात.

६ जानेवारी

जाती लागायला लागल्या. वरच्या भागात पातळ, गुळगुळीत, गोड्या पाण्यातल्या. ७१ ते ८४ सेंटिमीटरच्या मध्ये चित्र एकदम बदलते: जाड, खडबडीत नक्षीची, बिजागरीला दात असलेली कवचे. हेमिसिथेरिडिया, निओमोनोसेरॅटिना. ही खाडीची माणसे.

सोबतच्या मुलाला आजोबांचा बांध आठवला आणि तो टाळी देऊन मोकळा झाला. पण आधी दोन गोष्टी तपासायच्या. वादळी लाटेने खाडीचा गाळ एका रात्रीत आत फेकला असेल तर बहुतेक मोठी, झिजलेली, सुटी कवचे मिळतात. जीव तिथेच राहत, कात टाकत वाढले असतील तर सगळ्या वयांची पिल्ले सापडतात. आमच्याकडे पिल्ले आहेत, सगळ्या टप्प्यांची. दोन्ही शिंपले मिटलेली अख्खी कवचेही बरीच आहेत, म्हणजे गाळ पटकन बसत होता. तेव्हा इथे खारे पाणी येऊन राहिले होते, एका रात्रीपुरते नव्हे.

ते आजोबांच्या आजोबांचे दिवस होते की त्याच्या कितीतरी आधीचे, हे खोलीवरून कळत नाही. आणि समजा बांधच फुटला असेल, तर तो हवामानाचा पुरावा ठरतो का? पाऊस कमी झाला, समुद्र चढला, बांध फुटला, बांधच नव्हता: चारही वेळा तळे खारे होते आणि चारही वेळा गाळात हीच कवचे पडतात. कोकणातले तळे पावसाइतकेच फावड्यानेही हलते. म्हणून खाऱ्या जातींचा थर हवामानाच्या आलेखात घालायचा नाही, वेगळ्या रकान्यात ठेवायचा. पाऊस वाचायचा तो फक्त गोड्या थरांतल्या एकाच जातीच्या कवचांच्या ऑक्सिजनवरून.

२८ जानेवारी

कवचे एकत्र मोजायची की एकेक? वीस कवचांचा एक आकडा म्हणजे सरासरी, आणि कोकणात सरासरीपेक्षा हंगामांतले अंतर महत्त्वाचे. बारमाही तळ्यात जूनचेही कवच असते आणि मेचेही. एकेक मोजले तर आकड्यांचा पसारा दिसतो: पसारा रुंद, तर उन्हाळा कडक आणि तळे आटणारे, अरुंद, तर पाणी वर्षभर टिकणारे. खर्च वीसपट. मधला मार्ग म्हणून निवडक थरांत एकेक, बाकी ठिकाणी एकत्र. मॅडमनी होकार दिला, जरा कुरकुरत.

तुलनेसाठी दूरचे नमुने डोळ्यांसमोर आहेत. हरियाणातल्या कोटला दहरच्या गाळातल्या गोगलगायींच्या शंखांवरून सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी पावसाळा एकदम खचल्याचे २०१४ मध्ये दाखवले गेले. मेघालयातल्या मावम्लुह गुहेतल्या थरावरून ४,२०० वर्षांपूर्वीपासूनच्या काळाला मेघालयन नाव २०१८ मध्ये मिळाले. कोकणात त्या वेळी काय चालले होते, हे विचारायचा मोह होतोच. पण आमचा १४० सेंटिमीटर गाळ तेवढा मागे जातो की नाही, ते आधी कळू दे.

१३ फेब्रुवारी

कार्बन-१४ ने वय मोजायला काय पाठवायचे यावर दुपार गेली. मुलांना वाटले कवचेच पाठवू, भरपूर आहेत. नको. ज्या शिंपल्यांच्या वाळूमुळे आमची कवचे टिकली, त्याच वाळूतला जुना कार्बन पाण्यात उतरतो, आणि ऑस्ट्रॅकॉड तो कवचात घालतो. जिवंत प्राणीही शेकडो वर्षांचा म्हणून मोजला जाऊ शकतो. सड्यावर हा धोका नाही, पण सड्यावर कवचच उरत नाही. त्यामुळे झाडाने हवेतून घेतलेला कार्बन हवा: पानांचे तुकडे, बिया. पाच थरांतून मिळाले, त्यांत ८६ सेंटिमीटरचे एक बी चांगले टणक आहे, खाऱ्या थराच्या अगदी खाली. वरच्या भागासाठी किरणोत्सारी शिसे-२१०. त्याचे अर्धायुष्य २२ वर्षांच्या घरात, त्यामुळे शे-सव्वाशे वर्षे नीट मोजता येतात. वाळूची ती रेघ तौक्तेची की नाही, ते त्यातच ठरेल.

दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राला पाठवायचा अर्ज भरला.

२ मार्च

खाऱ्या थराचा निकाल एका तळ्यावर लागणार नाही. बांधापासून दूर, दुसऱ्या खाडीच्या बाजूला तसेच पुळणीमागचे एक तळे आहे. दोन्हीकडे एकाच काळात पाणी खारे झाले तर कारण पावसात किंवा समुद्रात शोधायचे, एकाच ठिकाणी झाले तर बांधात. तिथल्या ग्रामपंचायतीला पत्र दिले; विषय या महिन्याच्या ग्रामसभेत येईल. होडीवाल्या काकांना सांगून ठेवले आहे, कप्पी आणि दोर त्यांच्याकडेच आहे. परवानगी आली तर मेच्या पहिल्या आठवड्यात, पाणी सर्वांत खाली असताना, पाइप ठोकायचा.